हार्वेस्टिंग म्हणजे कापणी का?

नोंदवही: एका ग्रंथालयासाठी ओएआय-पीएमएचचं (एका संगणकाने दुसऱ्याकडून नोंदी मागून घ्यायची ठरलेली पद्धत) माहितीपत्रक मराठीत करतोय. मेटाडेटा हार्वेस्टिंगला, म्हणजे शीर्षक, लेखक असल्या नोंदींच्या प्रती गोळा करण्याला, सरळ 'मेटाडेटाची कापणी' लिहून मोकळा झालो, तर तिथल्या बाईंचा फोन, "अहो रविवारी रात्री कापणी होणार म्हणता, मग सोमवारी आमच्या नोंदी राहतील ना?" आता काय लिहू?

पऱ्हाटी: वेचणी लिहा की. कापूस वेचला तरी झाड उभंच असतं, बोंडं फुटली की दुसऱ्या वेच्याला परत जायचं. हार्वेस्टर, म्हणजे नोंदी गोळा करणारा प्रोग्रॅम, तोपण मागच्या तारखेनंतर नवं आलेलं, बदललेलं तेवढंच मागतो ना?

शुद्धमती: मेटाडेटा तसाच ठेवून वेचणीचा काथ्याकूट कसला? 'अधिविदा-संकलन'. झालं.

नोंदवही: अधिविदा वाचून बाई परत फोन करतील हो.

कृष्णाकाठ: सुगी म्हणा! मूळ कानडी, सुग्गी.

शुद्धमती: कानडी कशाला? सुयोग, सुओग, सुगी.

कृष्णाकाठ: वा! मग निपाणीची आमची मावशी पोरं शाळेतून काढून शेतावर न्यायची ती सुयोगाला होय.

सातबारा: मुळात पीक हलतंय कुठे? प्रबंधाची पीडीएफ जिथली तिथेच, हार्वेस्टर नेतो ते शीर्षक, लेखक, तारीख असलं, साध्या डब्लिन कोअर नावाच्या साच्याचे १५ रकाने आणि तेही सगळे भरलेले असतात असं नाही. हे तलाठ्याचं काम झालं, बांधावर उभं राहून बाराच्या नमुन्यात लिहायचं, ज्वारी शेतातच. पीक पाहणी म्हणा.

पऱ्हाटी: तलाठी बांधावर येतो तुमच्याकडे? भाग्यवान आहात. आता तर ई-पीक पाहणी, मोबाईल घेऊन फोटो आपणच काढा, वर रेंज नाही.

सातबारा: ई-वाली नको, तिथे शेतकरी माहिती पाठवतो. इथे भांडार, म्हणजे प्रबंध आणि नोंदी जिथे ठेवल्यात ते, स्वतःहून काही पाठवत नाही, हार्वेस्टर दारात येऊन विचारतो, प्रश्नपण सहाच ठरलेले. तू कोण, नोंदी कुठल्या साच्यात देतोस, गट कुठले, नोंदींचे क्रमांक दे, सगळ्या नोंदी दे, ही एकच दे.

नोंदवही: तूर्त 'नोंदी वेचणे' टाकलंय.

शुद्धमती: वेचतात ते खडे. तांदळातले.

पऱ्हाटी: खडे निवडतात हो, वेचतात फुलं.

कृष्णाकाठ: आमच्यात तांदूळ निवडतात आणि खडे वेचतात.