नव्हते असं नाही, दाखवू दिलं नाही

असं म्हटलं जातं की खेळांच्या सुरुवातीच्या अमेरिकन फिल्ममध्ये काळे खेळाडू नव्हतेच. हे अर्धंच खरं आहे. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत चित्रित झालेल्या बॉक्सिंगच्या लेनर्ड-कुशिंग लढतीत दोघेही गोरे. रिंगण मुद्दाम छोटं, फेरी जेमतेम मिनिटभराची. १९०१ मध्ये एडिसनच्याच कंपनीने गॉर्डन भगिनींची बॉक्सिंग टिपली, पण ती रंगमंचावरची करमणूक म्हणून.

खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. ४ जुलै १९१०, अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं रीनो शहर. जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता. त्याला हरवायला निवृत्त गोऱ्या जगज्जेत्या जिम जेफ्रीजला घरातून ओढून आणलं होतं. पंधराव्या फेरीत जेफ्रीज आडवा! देशभर दंगली झाल्या, माणसं मेली. फिल्म तयार होती, पण कितीतरी शहरांनी ती दाखवायलाच बंदी घातली. त्याआधी गोरा जिंकल्याच्या फिल्म चालल्या होत्या. १९१२ मध्ये तर अमेरिकन काँग्रेसने (तिथल्या संसदेने) बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच मनाई केली. हा कायदा १९४० पर्यंत टिकला. त्यात वर्णाबद्दल चकार शब्द नाही, नुसतं ‘बक्षिसाची लढत’ एवढंच. रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळत होतं.