मदत हवी आहे: मोठी घाऊक ऑर्डर आलीय, पण उधारी ४५ दिवसांची. घ्यावी का?

नवी_पेढी
कोल्ड प्रोसेस (न उकळता केलेल्या) साबणाचा व्यवसाय आहे, दोन भागीदार. महिन्याला ५०० वड्या थेट ग्राहकांना ऑनलाइन जातात. किरकोळ किंमत १०० धरून बाकी आकडे त्याच प्रमाणात देतोय. एका वडीचा खर्च ४० (तेलं, कॉस्टिक सोडा, सुगंध, वेष्टन, मजुरी सगळं धरून). हातात रोख ७०,०००.

आता एका दुकानसाखळीला दरमहा १५०० वड्या हव्यात. अटी: छापील किमतीवर ४०% सूट, माल पोचल्यापासून ४५ दिवसांनी पैसे, न खपलेला माल परत. आमच्याकडे कच्चा माल रोखीने येतो आणि साधारण १० दिवस पडून असतो. क्युअरिंग (वड्या हवेत वाळवून मुरवणं) ४ आठवडे, वेष्टन आणि पोचवणं मिळून आठवडा. वडीमागे २० सुटतात, म्हणजे तोटा तर नाही. मग अडचण कुठे येऊ शकते?

ताळेबंद
अडचण नफ्यात नाही, रोखीत आहे. तुमचेच दिवस मोजा: १० + २८ + ७ + ४५ = ९०. आज तेलाला घातलेला पैसा तीन महिन्यांनी परत येणार. १५०० वड्यांचा महिन्याचा खर्च ६०,०००, म्हणजे पहिलं बिल वसूल होईपर्यंत १,८०,००० अडकतात.

सध्याच्या विक्रीतून महिन्याला ५०० × ६० = ३०,००० सुटतात. दोघांनी घरी एक पैसाही नेला नाही असं धरलं तरी महिनाअखेरची शिल्लक ४०,०००, मग १०,०००, मग वजा २०,०००. प्रत्यक्षात दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच अडाल, कारण तेल १ तारखेला लागतं आणि ग्राहकांचे पैसे महिनाभर सुटेसुटे येतात. म्हणून तक्ता महिन्याचा नको, आठवड्याचा करा. १३ आठवड्यांचे १३ रकाने, वर आरंभीची शिल्लक, खाली येणं, देणं आणि अखेरची शिल्लक. येणं बिलावरच्या तारखेला लिहू नका, दोन आठवडे पुढे ढकलून लिहा.

आणखी एक. नव्या ऑर्डरचे १५०० × २० = ३०,००० जादा सुटतील. उत्पादन मात्र ५०० वरून २०००, चौपट. त्या ४० मध्ये तुम्हा दोघांची मजुरी धरली आहे का? नसेल तर आधी ती धरा. माझ्या अंदाजाने २० चे बरेच कमी होतील.

साबणवेडी
पैशाचं वर आलंच आहे, उत्पादनाकडेही बघा. महिन्याला २००० म्हणजे कुठल्याही दिवशी रॅकवर १८००-१९०० वड्या क्युअर होत असणार, आणि प्रत्येकीला चारही बाजूंनी हवा लागते. जागा आहे का?

बॅच एकदम चौपट करू नका. मोठ्या साच्यात उष्णता कोंडते, मधोमध तडे जातात, मध किंवा दूध असलेल्या साबणात तर फुगून बाहेरही येतं. कॉस्टिक सोड्याचं मोठं पोतं स्वस्त पडतं, पण उघडल्यावर तो हवेतला ओलावा खेचतो. मग वजन बरोबर भरलं तरी सोडा कमी पडतो, साबण मऊ राहतो आणि जास्तीच्या तेलामुळे खवटही लवकर होतो. एका बॅचमध्ये संपेल एवढ्याच पाकिटात घ्या. क्युअरिंगमध्ये पाणी उडून वडीचं वजन घटतं, त्यामुळे वेष्टनावर क्युअर झाल्यानंतरचंच वजन छापा. दुकानात वजन कमी भरलं तर अख्खा लॉट परत येईल.

घाई म्हणून क्युअरिंग दोन आठवड्यांवर आणायचा मोह होईल. तशी वडी भराभर झिजते, आणि तक्रार दुकानाकडे नाही, तुमच्या नावावर जाते.

उंटावरचा_शहाणा
नाकारू नका, अटी बदलून घ्या. ऑर्डरसोबत ५०% आगाऊ मागा. वडीमागे ३० आधीच आले की तुमचे १० च अडकतात, तीन महिन्यांचे ४५,०००. हातातल्या ७०,००० मध्ये बसतं. ३०% वर तडजोड झाली तर ९९,००० लागतील, तेही चालू विक्रीच्या जोरावर निभेल.

नवी_पेढी
आगाऊ मागितलं तर ऑर्डरच जाईल अशी भीती आहे. त्यापेक्षा १० दिवसांत पैसे दिल्यास २% सूट, असं सुचवलं तर?

ताळेबंद
चालेल, पण ती सूट काय भावाने पडते ते बघा. ३५ दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून ९८ वर २ सोडताय. वर्षाच्या हिशेबात साधारण २१% व्याज. खेळत्या भांडवलाचं कर्ज याहून स्वस्त मिळत असेल तर कर्ज घ्या. सुटीचा फायदा एवढाच की चक्र ९० वरून ५५ दिवसांवर येतं आणि अडकलेली रक्कम १,१०,००० होते. त्यांनी सूटही कापली आणि पैसेही ४५ व्या दिवशीच दिले, असं होतं. तेव्हा सूट बिलात कापून देऊ नका, वेळेत पैसे जमा झाल्यावरच पुढच्या बिलात वळती करा.

वेष्टनवाल्याकडे ३० दिवसांची उधारी मागून बघा. तेलापेक्षा तिथे मिळणं सोपं असतं.

माझ्या मते पहिले तीन महिने ५०० च वड्या द्या, निवडक दुकानांत. त्यांचा पैसे देण्याचा वक्तशीरपणाही कळेल आणि खपाचा वेगही.

उंटावरचा_शहाणा
परतीची अट सगळ्यात घातक, तिच्यावर कोणी बोललंच नाही. १५% माल परत आला तर २२५ वड्या, बिलातून १३,५०० वजा. तुमच्या ३०,००० मधला जवळपास निम्मा भाग. त्या वड्या पुन्हा विकता येतील असं धरू नका, सुगंध उडालेला असतो आणि वेष्टन मळलेलं. लेखी घ्या: परत जास्तीत जास्त १०%, पोचल्यापासून ६० दिवसांच्या आत, न उघडलेल्या वेष्टनातच.

आणि ४५ दिवस नेमके कधीपासून, तेही लिहून घ्या. बिलाच्या तारखेपासून, माल उतरवल्याच्या पोचपावतीपासून, की महिनाअखेरीपासून? शेवटचं असेल तर १ तारखेला दिलेल्या मालाचे पैसे ७५ दिवसांनी येतात. प्रत्येक बिलावर त्यांचा ऑर्डर क्रमांक टाका, नाहीतर हिशेब विभाग बिल बाजूला ठेवून देतो आणि तुम्हाला कळतं ४६ व्या दिवशी.