अकरा वर्षं फ्लोअरवर, आता म्हणतात ट्रेनिंग खात्यात जा. जाऊ का?

कल्याण_स्लो:
नमस्कार. लोअर परळच्या एका मॉलमध्ये महागड्या घड्याळांच्या दुकानात आहे. अकरा वर्षं झाली, त्यातली पाच असिस्टंट मॅनेजर म्हणून. राहते डोंबिवलीला, मुलगी दुसरीत.

गेल्या महिन्यात मॅनेजरची जागा रिकामी झाली. ती माझीच, असं मी धरून चालले होते. मिळाली कुणाला, तर ज्या मुलाला मी चार वर्षांपूर्वी ब्रेसलेटची कडी काढायला शिकवली त्याला. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण परवा 14 लाखांच्या घड्याळाचं बिल होताना गिऱ्हाईक टीसीएसवरून तापलं (2025 च्या एप्रिलपासून 10 लाखांवरच्या घड्याळावर 1 टक्का आयकर दुकानाला बिलातच गोळा करावा लागतो, तो टीसीएस), तेव्हा त्याने केबिनमधून मलाच खुणावलं. मी कॉफी मागवली, रिटर्न भरताना ही रक्कम करातून वळती होते हे त्यांना कागदावर लिहून दाखवलं. बिल झालं.

मला वरून निरोप आला, "तुझ्यासाठी ट्रेनिंग मॅनेजरची पोस्ट काढतोय. शनिवार-रविवार घरी, साडेसहाला सुट्टी. मुलगी लहान आहे ना तुझी." पगार दोन हजारांनी जास्त. सासूबाईंनी लगेच पेढे आणायला लावले.

मोह होतोय, खोटं कशाला बोलू? आमचं क्लोजिंग म्हणजे एकेक ट्रे शोकेसमधून काढायचा, हातमोजे घालून घड्याळ उलटं करायचं, सिरियल नंबर वाचायचा, दुसऱ्याने यादीवर टिक करायची, मग तिजोरी. एक नंबर जुळला नाही की सगळं पहिल्यापासून. एकदा एक घड्याळ पावणेबाराला सापडलं, पॉलिशच्या फडक्यात गुंडाळलेलं. त्या रात्री करी रोडहून गाडीत बसले तेव्हा लेडीज डब्यात मी आणि ड्युटीवरचा होमगार्ड, दोघंच.

पण ट्रेनिंगला गेलेल्या बाईला परत दुकान मिळतं का? मला क्लस्टर, म्हणजे अनेक दुकानांचा गट, बघायचाय, आणि कधीतरी इंडिया हेड व्हायचंय. हसू नका.

निवृत्त_काउंटर:
हसत नाहीये. जाऊ नकोस.

मी 1996 साली दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलच्या गाळ्यात हिऱ्यांच्या काउंटरवर लागले. 2006 मध्ये सिंगल ब्रँड, म्हणजे एकाच ब्रँडचा माल विकणाऱ्या, दुकानांत 51 टक्के परकीय गुंतवणूक खुली झाली, 2012 मध्ये 100 टक्के. त्या मधल्या वर्षांत ज्यांच्या हातात दुकान होतं ती माणसं बघता बघता वर गेली. माझ्या हातात प्रोजेक्टरचा रिमोट होता. मलाही 'मुलं लहान आहेत' म्हणूनच ट्रेनिंगला बसवलं होतं. खुर्ची मऊ होती, एवढं कबूल करते.

2011 ला दुबईहून रीजनल हेड आला. भारतासाठी माणूस शोधत होता. जेवताना मला एकच प्रश्न, "तुमचं दुकान वर्षाला किती करतं?" मी तीन वर्षांपूर्वीचा आकडा सांगितला. त्याने मान डोलावली आणि शेजारच्याकडे वळला. माझी दाल मखनी तशीच थंड झाली.

आणि आकडा म्हणजे नुसती विक्री नव्हे गं. भाडं किती, पगार किती, माल किती पडून राहिला, सूट किती दिली, आणि एवढं जाऊन हातात काय उरलं. हा नफ्या-तोट्याचा कागद असिस्टंटला सहसा दाखवत नाहीत. तुला दाखवलाय का कधी?

पवईचा_एचआर:
ताई, थोडा असहमत आहे. लीना नायर बघा. कोल्हापूरच्या, सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअरिंग, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमधून एचआर, 1992 ला हिंदुस्तान लिव्हर, 2016 ला युनिलिव्हरच्या जागतिक एचआर प्रमुख. आणि जानेवारी 2022 पासून थेट शनेल या महागड्या फॅशन ब्रँडच्या सीईओ. सगळी कारकीर्द माणसं घडवण्यात गेली. ट्रेनिंगला एवढं कमी लेखू नका.

निवृत्त_काउंटर:
पवईकर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच बाईंनी सुरुवातीला कोलकाता, अंबत्तूर आणि आपलं तळोजा अशा कारखान्यांतलं काम आपणहून घेतलं होतं. शिवाय त्यांची खुर्ची सगळ्या कंपनीच्या एचआरची होती. इथे काय, गाठी मारलेले स्कार्फ आणि पॉवरपॉइंट. फ्रान्चेस्का बेलेत्तिनींचं बघा. गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत सुरुवात, म्हणजे हिशेब आधीपासून पक्का. 2013 ला सेंट लॉरां या फॅशन ब्रँडच्या सीईओ, 2025 ला तशाच गुच्चीच्या. दिओरच्या सीईओ डेल्फीन आर्नोंचं सोडा, त्यांच्या घरचंच दुकान आहे.

पवईचा_एचआर:
तळोज्याचं माहीत नव्हतं. एक पॉइंट तुम्हाला. पण पोरीची झोप आणि आईची तब्येत हाही हिशेबच आहे, तोही मांडा.

लालबागचा_वकील:
माझा मुद्दा वेगळा आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती लागते, आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. म्हणजे ती पावणेबारानंतरची लोकल तुमच्या वाट्याला यायलाच नको होती. गोम पुढे आहे. मॅनेजर किंवा सुपरवायझर दर्जाची पदं या कायद्यातून वगळता येतात, त्यांची यादी वेबसाइटवर, आणि वेबसाइट नसेल तर दुकानात, लावायची असते. आधी ती यादी वाचा, तुम्ही आत्ताच तिच्यात असाल. बढती घ्याल तेव्हा गाडीचं कलम नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी 'बघू आपण' चालणार नाही.

कल्याण_स्लो:
सगळ्यांचे आभार. यादी पाहिली. फायर एक्स्टिंग्विशरच्या मागे चिकटवली आहे, असिस्टंट मॅनेजर तिसऱ्या नंबरवर. आणि निवृत्तताई, तो कागद अकरा वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.

काल मेल टाकला. ट्रेनिंगची पोस्ट नको. वांद्रे-कुर्ला संकुलातलं आपलं नवीन दुकान दिवाळीआधी उघडतंय, ते मला द्या. तोवर दर महिन्याचा नफ्या-तोट्याचा कागद दाखवा. रात्रीची गाडी पत्रात लिहून द्या. पवईचे दादा, मुलीचंही मांडलं: नवऱ्याची सकाळची शिफ्ट आहे, रात्री तोच तिला झोपवतो, आजही.

संध्याकाळी साहेबांचा फोन. "अगं, पण रोजचं क्लोजिंग तुला जमेल का?"

मी म्हटलं, सर, तिजोरीची दुसरी किल्ली पाच वर्षं कुणाच्या पर्समध्ये आहे?

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बघतो.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. पेढे फ्रिजमध्ये आहेत.