बँकॉकला जाऊन तारांकित रेस्टॉरंटात जेवावं का?

पाटावरवंटा

माझं मत आधीच सांगून टाकते. बँकॉकला चार-सहा दिवस जाणार असाल आणि खिशाला अगदीच अशक्य नसेल, तर एक रात्र तिथल्या एखाद्या नावाजलेल्या रेस्टॉरंटसाठी राखून ठेवा. सफारी वर्ल्ड, नदीवरची डिनर क्रूझ, पट्टायाची बोट, प्रतुनामची खरेदी यांवर आपण खळखळ न करता पैसे घालतो. जेवणाचं नाव काढलं की मात्र ‘टूरवाल्याचा इंडियन बुफे आहे की’ म्हणून विषय संपतो. ज्या शहरात लोक केवळ जेवायला विमानाने येतात, तिथे जाऊन रोज पनीर आणि जिरा राइस खायचा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुखुमवित भागातल्या ‘सॉर्न’चंच बघा. 2018 साली सुरू झालेलं हे रेस्टॉरंट फक्त दक्षिण थायलंडचं जेवण वाढतं. 2024 च्या अखेरीस त्याला मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिथला सगळ्यांत वरचा मान, मिळाला. थायलंडमध्ये तोवर कुणालाच तीन मिळाले नव्हते. दक्षिणेचा स्वयंपाक म्हणजे ओली हळद, नारळाचं दूध, झणझणीत मिरची, सुकी आणि आंबवलेली मासळी. ‘कापी’ म्हणजे जवळा मीठ लावून, वाटून, आंबवून केलेला गोळा. ‘गेंग सोम’ म्हणजे हळदीचं आंबट, तिखट कालवण. कोकणातल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. पण बँकॉकमध्ये हे जेवण वर्षानुवर्षं साध्या ‘खाओ गेंग’ खानावळींत, भातावर कालवण ओतून मिळायचं आणि त्याच्याकडे तेवढ्याच नजरेने पाहिलं जायचं. सॉर्नने मासळी, खेकडे, पालेभाज्या दक्षिणेकडूनच आणायच्या, भात मातीच्या भांड्यात शिजवायचा, तिखट कमी करायचं नाही, हे धरून ठेवलं आणि जगाला ते मोठं जेवण आहे हे मान्य करायला लावलं.

दुसरं, ‘गा’. मुंबईत वाढलेली, काही काळ पत्रकारिता करून मग पॅरिसला स्वयंपाक शिकायला गेलेली गरिमा अरोरा कोपनहेगनच्या ‘नोमा’ या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटात राबली आणि बँकॉकला येऊन स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. 2018 मध्ये तिला पहिला तारा मिळाला, 2023 च्या शेवटी दुसरा. भारतीय बाईला मिशेलिनचा तारा मिळण्याची ती पहिलीच वेळ. तिथला सगळ्यांत गाजलेला पदार्थ आहे कोवळा फणस भाजून, रोटी आणि लोणच्यांसोबत वाढलेला. फणसाची भाजी आपण पिढ्यान् पिढ्या खातो. तिला एवढ्या आदराने ताटात आलेलं मला पाहायचं आहे आणि त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही.

फ्रेंच जेवण महाग असलं की आपण त्याला कला म्हणतो. आशियातलं जेवण महाग झालं की लूट म्हणतो. हा समज मोडायचा असेल तर कुणीतरी तिथे जाऊन बसलं पाहिजे.

गल्लीबोळ

पूर्ण असहमत. आणि कारण फक्त पैसे नाहीत.

मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनी. 1900 साली लोकांनी गाड्या जास्त चालवाव्यात, टायर झिजवावेत म्हणून तिने मार्गदर्शिका छापली, 1926 पासून तारे द्यायला लागली. इथपर्यंत ठीक. पण बँकॉकमध्ये ही मार्गदर्शिका आली ती थायलंडच्या पर्यटन खात्याने पाच वर्षांसाठी 14 कोटी 40 लाख बाट मोजले म्हणून. तारा कुणाला द्यायचा हे खातं ठरवत नाही, मान्य. पण कुठलं शहर जगाच्या नकाशावर यायचं हे पैशाने ठरतं. भारतात मिशेलिन नाही, म्हणून आपल्याकडे तारा मिळण्याजोगं एकही स्वयंपाकघर नाही असं म्हणायचं का?

आता दुसरी बाजू. पहिली बँकॉक मार्गदर्शिका निघाली 2017 च्या डिसेंबरात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तिथल्या महापालिकेने फूटपाथवरचे खाद्यविक्रेते हटवायची घोषणा केली होती. ओरड झाल्यावर याओवारात (तिथला चायनाटाऊन) आणि खाओसान रोड राहतील असं सांगितलं गेलं, पण थाँग लो, एक्कमई भागांतले लोक उठलेच. म्हणजे एकीकडे शहराच्या जेवणाचं कौतुक करायला परदेशी परीक्षक आणायचे आणि दुसरीकडे ज्यांनी ते कौतुक कमावलं त्यांची गाडी उचलायची. हे मला गिळता येत नाही.

बँकॉकचं खरं जेवण रस्त्यावर आहे. तिथल्या कितीतरी खोल्यांना धड स्वयंपाकघरच नसतं, कामावरून परतताना पिशवीत कालवण आणि भात बांधून घरी न्यायचा हा रोजचा रिवाज आहे. संध्याकाळी याओवारातला जा, काळ्या मिऱ्यांनी घशाला चटका देणारं ‘क्वाय चाप’, म्हणजे डुकराचं मांस आणि तांदळाच्या नूडल्सचं सूप, प्या. अडीच तास टेबलावर बसून वीस घास खाण्यापेक्षा शहर तिथे जास्त कळेल.

दहीपोहे

दोघांचंही वाचलं. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, आणि माझा अनुभव दोघांच्याही मुद्द्यांत कुठेच नाही.

रस्त्यावरच्या जेवणाचं कौतुक ऐकून मी पहिल्यांदा गेले तेव्हा जवळजवळ उपाशीच फिरले. भाजी परतली तरी त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचं खारं पाणी. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, म्हणजे सोमतामात, सुकी कोळंबी. गाडीवरच्या बाईला दोष कसा देणार? तिची कढई एकच, मागे रांग लागलेली. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’, म्हणजे मांस-मासळी अजिबात नसलेलं जेवण, असं लिहिलेली दुकानं शोधावी लागतात. तिथलं निर्धास्त खाता येतं, पण ती प्रत्येक गल्लीत नसतात. (‘जे’वाले लसूण, कांदाही टाळतात, त्यामुळे माझ्या जैन मैत्रिणीलाही ते चाललं. कंदमुळांचं मात्र तिला विचारून घ्यावं लागलं.)

मोठ्या रेस्टॉरंटात बुकिंग करतानाच लिहून कळवलं तर अनेक ठिकाणी सगळा मेन्यू शाकाहारी करून देतात. ‘मासळीचं पाणीही नको, कापीही नको’ हे स्पष्ट लिहायचं. थाई स्वयंपाक मला पहिल्यांदा नीट चाखता आला तो अशाच एका जागी. कफीर लिंबाची पानं, गलांगल (आल्यासारखं मूळ), लेमनग्रास, ताजी मिरी यांची चव मासळीशिवाय कशी लागते हे तिथे कळलं. त्यामुळे ‘खरं जेवण रस्त्यावरच’ हे म्हणणं माझ्यासारखीला दारातूनच परत पाठवतं, हे गल्लीबोळ यांनी लक्षात घ्यावं.

मात्र आधी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. शाकाहारी मेन्यू देतच नाही असं सरळ सांगणाऱ्या जागाही आहेत.

दोनपिल्लं

लहान मुलं बरोबर असतील तर हा विषय बादच. बऱ्याच टेस्टिंग मेन्यूवाल्या, म्हणजे ठरलेले छोटे पदार्थ एकामागून एक वाढणाऱ्या, जागी ठरावीक वयाखालची मुलं घेत नाहीत. घेतली तरी रात्री नऊपर्यंत एका जागी बसवायची कशी? आम्ही दिन्सो रोडवरच्या क्रुआ आप्सॉर्नला दुपारी गेलो. साधी टेबलं, पोरांना आवडेल असं खेकड्याचं ऑम्लेट, मोठ्यांना पिवळ्या मिरचीत परतलेला खेकडा. खर्च अगदी आटोक्यात. पुन्हा गेले तरी तिथेच जाईन.

भटारखाना

मी हॉटेलच्या किचनमध्ये आयुष्य काढलेला माणूस. किमतीबद्दल आतून बोलतो.

टेस्टिंग मेन्यूच्या जागी खुर्च्या थोड्या, रात्रीच्या बैठका एक किंवा दोन, आणि किचनमध्ये माणसं भरपूर. एका ताटलीवर चार-पाच हात फिरतात. दुपारी तीनला सुरू झालेली मांडणी रात्री आठला वाढली जाते. कोण येणार, किती येणार हे आधी माहीत असल्यामुळे माल वाया कमी जातो, पण कुणी बुकिंग करून आलं नाही तर त्याचा माल आणि खुर्ची दोन्ही बुडतात. म्हणून आधी पैसे घेतात. ते चुकीचं नाही.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मेन्यूवरच्या आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं असतात. त्याचा अर्थ 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर 7 टक्के व्हॅट. 6,000 बाट लिहिलं असेल तर बिल 7,000 च्या वर जातं, पाणी आणि पेयं वेगळी.

पण पाटावरवंटा, तुम्ही ज्या ‘नोमा’चं नाव घेतलंत, तिथे वर्षानुवर्षं शिकाऊ पोरं बिनपगारी राबत होती. 2022 मध्ये त्यांना पगार सुरू झाला आणि 2023 च्या सुरुवातीला नोमाने नेहमीचं रेस्टॉरंट बंद करणार असल्याचं जाहीर केलं. जगातल्या अनेक मोठ्या किचन्सची मांडणी याच फुकटच्या हातांवर उभी होती. आमच्याकडूनही पोरं डोळ्यांत स्वप्न घेऊन अशा जागी जातात, सहा महिने पाला निवडतात आणि कर्ज घेऊन परत येतात. त्यामुळे ताऱ्याला मी हात जोडतो, पण पोरांना काय देता हे विचारल्याशिवाय नाही. बँकॉकच्या प्रत्येक जागी असंच चालतं असं मी म्हणत नाही. जेवणाऱ्याने प्रश्न विचारावा, एवढंच म्हणतो.

पाटावरवंटा

भटारखाना, हा मुद्दा मला मनापासून पटला. प्रश्न विचारलाच पाहिजे. तो टूरच्या बुफेमागच्या आचाऱ्याबद्दलही विचारायला हवा, तिथे तर कुणी नावही विचारत नाही.

दहीपोहे, अगदी हेच. नाव मोठं असलं की ऐकून घ्यायला माणूस नेमलेला असतो.

गल्लीबोळ, तुम्ही रस्ता आणि तारा यांना समोरासमोर उभं केलंत. मग जे फाईचं काय करायचं? महाचाई रोडवरचं उघडं दुकान, कोळशाची शेगडी, डोळ्यांवर गॉगल लावून सत्तरी ओलांडलेली बाई स्वतः कढईसमोर उभी. 2017 च्या त्या पहिल्याच मार्गदर्शिकेत तिला तारा मिळाला. आणि तिचं खेकड्याचं ऑम्लेट ताऱ्याआधीही महागच होतं. मोठे खेकडे, मोठी कोळंबी निवडून आणायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे ती आधीपासूनच करत होती. त्यासाठी तिला नावंही ठेवली जात होती. रस्त्यावरची बाई आहे म्हणजे तिने स्वस्तच विकलं पाहिजे, हा हट्ट कुणाचा? खाणाऱ्याचा. आपल्याकडेही मालवणी खानावळीतलं सुरमईचं ताट जरा महागलं की आपण कुरकुरतो आणि त्याच संध्याकाळी मॉलमध्ये त्याहून महाग पिझ्झा मुकाट्याने खातो.

गल्लीबोळ

जे फाईचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. तारा मिळाल्यावर दुकानासमोर एवढी गर्दी लोटली की तारा परत देता आला तर बरं, असं ती मुलाखतीत म्हणाली होती. लोक जेवायला कमी, फोटो काढायला जास्त येत होते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला सकाळपासून नाव लिहून ताटकळावं लागत असेल, तर तो सन्मान त्याच्या काय कामाचा?

दहीपोहे यांचं म्हणणं मात्र बरोबर आहे. शाकाहारी माणसाला रस्त्यावर खरंच अवघड जातं, आणि त्यावर माझ्याकडे ‘जे’च्या पाटीपलीकडे उत्तर नाही.

मार्गदर्शिका मीही वापरतो. तिच्यात ताऱ्यांखाली ‘बिब गुरमाँ’ नावाची यादी असते, बेताच्या पैशांत चांगलं जेवण देणाऱ्या जागांची. क्वाय चापचं जे दुकान माझ्या डोक्यात आहे, ते त्यात आहे.

पाटावरवंटा

ती यादीही त्याच 14 कोटी 40 लाखांतून आलेली. मग तुमचा आक्षेप नेमका कशावर? मार्गदर्शिकेवर, पर्यटन खात्यावर की किमतीवर?

दोनपिल्लं

हेच मलाही विचारायचं होतं.

गल्लीबोळ

किमतीवर, आणि ती किंमत कुणाला परवडते यावर. बँकॉकमध्ये दिवसाची किमान मजुरी 400 बाटच्या आसपास आहे. तुमच्या एका रात्रीचं बिल माणशी 8,000 बाट धरलं तर ती तिथल्या मजुराची वीस दिवसांची कमाई झाली. दक्षिणेतून कामाला आलेला माणूस आपल्याच आईच्या हातचं गेंग सोम त्या टेबलावर बसून कधी खाऊ शकणार नाही. फ्रेंच जेवणालाही मी हाच नियम लावतो, पॅरिसमध्येही अशा जागी जाणार नाही. तुम्ही जरूर जा, तुमच्या पैशाला मी कोण बोलणार. पण त्या जेवणाला दक्षिण थायलंडचं जेवण म्हणताना, ते रोज खाणाऱ्याला त्या दारातून आत जाता येत नाही, हेही लिहा. तुम्ही लिहिलं नव्हतंत, म्हणून मी लिहिलं.

पाटावरवंटा

लिहिलं नव्हतं, कारण मला तो सॉर्नचा दोष वाटत नाही. त्याच मजुराच्या गावच्या कोळ्याला खेकड्याचा चांगला भाव मिळत असेल, तर ती किंमत कुठेतरी पोचतेच आहे. यावर आपलं एकमत होणार नाही.