सॅम वॉर्बर्टन: २९व्या वर्षी संपलेल्या कारकिर्दीला 'दुर्दैव' म्हणायचं का?

मधलीआळीकर (चर्चाप्रस्ताव)
रग्बी न पाहणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. वॉर्बर्टन वेल्सचा कर्णधार. २०१३ मध्ये चोविसाव्या वर्षी ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचंही (ब्रिटन-आयर्लंडमधल्या निवडक खेळाडूंचा एकत्रित संघ) नेतृत्व मिळालं, इतक्या लहान वयात ते कुणालाच मिळालं नव्हतं. ८ जुलै २०१७ ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडविरुद्धची तिसरी कसोटी १५-१५ अशी बरोबरीत सुटली. शेवटी शेवटी पंचांनी न्यूझीलंडला दिलेली पेनल्टी (थेट गुण मिळवायची संधी) बदलून स्क्रम (चेंडूसाठी दोन्ही संघांची एकमेकांना भिडून रेटारेटी) दिला, तेव्हा आवाज न चढवता पंचांशी बोलणारा कर्णधार हाच. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. पुढे मानेवर आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या, आणि जुलै २०१८ मध्ये सरावाला परतल्यावर शरीरानेच हात वर केले.

सगळे हळहळले, 'दुर्दैव!' मला ते पटत नाही. त्याचं काम बघा. प्रतिस्पर्धी चेंडूसकट खाली पडला की दोन पायांवर उभं राहून, कंबरेत वाकून चेंडू ओरबाडायचा. याला जॅकल म्हणतात. (आपल्याकडचा कोल्हा लबाड, इथला सगळ्यात जास्त मार खातो.) हात चेंडूत गुंतलेले, मान पुढे, आणि शंभर-सव्वाशे किलोचे गडी धावत येऊन त्याला उडवणार. वर्षानुवर्षं हेच केल्यावर मान जाणार नाही तर काय होणार?

कार्डिफकर
असहमत. मी इथेच, वेल्समध्ये राहतो, त्याला खेळताना पाहिलंय. २०१४ मध्ये वेल्सच्या रग्बी संघटनेशी थेट करार करणारा तो पहिला खेळाडू. हेतू हाच की त्याला जपून खेळवता यावं. एवढं करूनही शरीर थकलं. शिवाय त्याला कुणी फरफटत मैदानात नेलं नव्हतं. ज्या कौशल्याने कर्णधार केलं त्याचीच किंमत त्याने मोजली, आणि वेळेत थांबला. यात हळहळ कसली?

गल्लीतलारेडर
रग्बीतलं मला शष्प कळत नाही, पण कबड्डीत माझा गुडघा तेविसाव्या वर्षी गेला. चढाईत कोपरारक्षकाने पट काढला, पाय तिथेच राहिला, मी वळलो. 'स्वतःच्या मर्जीने खेळलास' हे मलाही ऐकवलं गेलंय. अहो, पुढच्या चढाईला नाही म्हणणारा पोरगा संघात राहतो का?

फिजिओताई
रेडरदादा, अगदी नेमकं बोललात. कार्डिफकर, तुमच्या 'मर्जी'बद्दल एक उदाहरण देते. इंग्लंडचा हुकर (स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध असणारा) स्टीव्ह थॉम्पसन, २००३ च्या विश्वविजेत्या संघातला. २००७ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे निवृत्त झाला. मग विम्याचे पैसे परत करून पुन्हा उतरला, २०११ चा विश्वचषकही खेळला, आणि पुन्हा मानेनेच घरी बसवलं. २०२० मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, डिमेन्शिया झाल्याचं त्याने जाहीर केलं. विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. परतणं ही मर्जी त्याचीच होती. पण डोक्यावर बसणाऱ्या धडकांचा हिशेब तेव्हा त्याच्यासमोर कुणी मांडला होता का?

कार्डिफकर
ताई, थॉम्पसनचं वाईट वाटतं, पण मेंदू आणि मान एका तागडीत घालू नका. शिवाय खेळ सुधारतोय. २०२१ मध्ये सरावात पूर्ण ताकदीच्या धडका आठवड्याला १५ मिनिटांच्या आत ठेवा अशी शिफारस झाली. जॅकलला धरून, पिळून खाली पाडायचा 'क्रॉक रोल' २०२४ पासून बंद आहे. अजून काय हवं? मिठी मारून चेंडू मागायचा?

मधलीआळीकर
क्रॉक रोल बंद झाला तो वॉर्बर्टन घरी बसल्यावर सहा वर्षांनी. माझा मुद्दा तोच आहे: उपाय सापडतात, तर मग दुर्दैव कसलं?

गल्लीतलारेडर
इकडे त्या विम्याचंच कौतुक वाटतंय. आमच्या स्पर्धेत बर्फाची पिशवीसुद्धा समोरच्या सरबतवाल्याकडून आणली होती. 😅

कार्डिफकर
रेडरभाऊंना दंडवत. मधलीआळीकर, सरळ सांगा, जॅकल नको म्हणता का? मग तो रग्बी उरणार नाही.

मधलीआळीकर
जॅकल हवाच. हात गुंतलेल्या माणसावर समोरच्याने किती लांबून धावत यावं, तेवढंच आखून द्या म्हणतोय.