मॉरिशसला जुलैमध्ये: दोन मुले, एक आजोबा आणि सात दिवस

प्रेषक: बालविभागातील एक पालक
विषय: मॉरिशसच्या कौटुंबिक सहलीबद्दल विचारणा

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

जुलैच्या मध्याला, शाळांना सुटी लागताच, आम्ही पाच जण सात दिवसांसाठी मॉरिशसला जाण्याचे ठरवले आहे. आम्ही दोघे, ११ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि माझे सासरे. सासऱ्यांचे वय ७२ असून गेल्या वर्षी त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर ते तासभर सहज चालतात, मात्र पायऱ्या आणि भुसभुशीत वाळू त्यांना जमत नाही. मुलाला पाण्यातून बाहेर काढणे कठीण, तर मुलीला पाण्यात उतरवणे कठीण.

सहलीच्या कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात रोज सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तीन-तीन ठिकाणे कोंबलेली आहेत आणि तो नुसता वाचूनच आम्हाला थकवा आला. तेथे जाऊन आलेल्या सभासदांनी मुक्काम कोणत्या किनाऱ्यावर करावा आणि खरोखर पाहण्या-करण्यासारखे काय आहे हे कळवल्यास फार उपकार होतील.

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार
विषय: उत्तर: मॉरिशसच्या कौटुंबिक सहलीबद्दल विचारणा

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मुलांना घेऊन दोनदा गेलो आणि पहिल्या खेपेस जी चूक केली तीच आधी सांगतो. छायाचित्रे पाहून आम्ही पूर्व किनाऱ्यावरचे हॉटेल ठरवले होते, आणि गेलो होतो जुलैतच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मॉरिशसमध्ये तेव्हा हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे थेट पूर्व किनाऱ्यावर आदळतात. पाणी सुंदर होते, ऊनही होते, पण उडणारी वाळू पोटऱ्यांना टोचत असे आणि धाकटी टॉवेलमध्ये गुरफटून खोलीच्या दारातच बसून राहिली. हॉटेलात त्याबद्दल विचारले असता, वारा बहुधा उद्या पडेल असे उत्तर आम्हाला सलग चार दिवस मिळाले. दुसऱ्या खेपेस पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक येथे उतरलो. मधल्या डोंगरांमुळे वारा तेथवर पोहोचेपर्यंत बराच मवाळ होतो, आणि त्याच महिन्यात, त्याच बेटावर, मुले दुपारपर्यंत पाण्यात होती. वायव्येचा त्रू-ओ-बिश हा किनाराही जुलैमध्ये असाच शांत असतो आणि तेथील पाणी लहान मुलांसाठी अधिक उथळ आहे, म्हणून तुमच्या मुलीसाठी मी तोच सुचवीन.

बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदीला सुमारे ४५ किलोमीटर आहे. त्यामुळे कुठूनही कुठेही तासाभरात पोहोचू असे वाटते आणि सहलीच्या कंपन्या त्याच हिशेबाने कार्यक्रम आखतात. प्रत्यक्षात जुलै हा ऊसतोडणीचा हंगाम असतो आणि एकपदरी रस्त्यावर उसाचा ट्रक पुढे आला की सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय जुलैमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग झपाट्याने काळोख पडतो. म्हणून सकाळ समुद्राला द्यावी, जेवणानंतर फार तर एकच ठिकाण पाहावे, आणि एक दिवसाआड कुठेही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा मुलगा पाण्यात रमणारा आहे. बेटाभोवती जवळजवळ सर्वत्र प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आतल्या बाजूला गुडघा ते छाती एवढ्या खोलीचे निवांत पाणी राहते. भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही नसतो. कोकणात समुद्र पार दूर जाताना पाहिलेल्या आपल्या लोकांना त्याचे नवल वाटते. परंतु भिंतीवरून आत आलेले पाणी कुठून तरी बाहेर जायलाच हवे आणि ते भिंतीतल्या खिंडींमधून जाते, त्यामुळे समुद्र शांत दिसत असतानाही खिंडीच्या तोंडाशी ओढ बाहेरच्या दिशेने असते. किनाऱ्यावर उभे राहून दूरवरची फेसाची पांढरी रेघ पाहावी. ती जेथे तुटते आणि पाणी गडद निळे दिसते, ती खिंड. पहिल्याच दिवशी मुलाला ती बोटाने दाखवून ठेवावी आणि तिच्या आसपास पोहू देऊ नये. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री येथे ही भिंतच नाही, लाटा सरळ काळ्या कड्यांवर येऊन फुटतात. तेथे उभे राहून पाहावे, सासऱ्यांनाही ते सोयीचे आहे, पण पाण्यात कोणीही उतरू नये.

दुसरी गोष्ट रबरी तळाच्या बुटांची. ते प्रत्येकासाठी घ्यावेत आणि पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वीच घालावेत. तळाशी काळ्या काट्यांचे समुद्री साळू (सी-अर्चिन) असतात, शिवाय दगडासारखा दिसणारा दगडमासाही आढळतो आणि त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. तो टोचल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, कारण उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो, आणि तसेच रुग्णालयात जावे. आमच्या मोठ्या मुलाने साळूवर अनवाणी पाय ठेवला होता. टाचेत मोडलेले अकरा काटे मी टॉर्चच्या उजेडात मोजले, आणि उरलेले दोन दिवस सर्वात उत्साही मुलगा खुर्चीत बसून होता.

प्रवाळ आणि मासे पाहण्यासाठी आग्नेयेचे ब्लू बे सागरी उद्यान उत्तम आहे, फक्त वारा कमी असलेला दिवस निवडावा. मुलाने पाण्यात पाहण्याचा मुखवटा आणि श्वास घेण्याची नळी (स्नॉर्केल) लावून तरंगावे. मुलगी आणि आजोबा काचेच्या तळाच्या होडीत बसू शकतात.

त्याच भागात, माहेबूरजवळ, इल-ओ-एग्रेत नावाचे अवघ्या २६ हेक्टरांचे बेट आहे. सात दिवसांत एकच गोष्ट करणार असाल तर ती ही करावी. मॉरिशसमधील वन्यजीव संस्थेचे मार्गदर्शक छोट्या गटांना तेथे नेतात. फेरी सुमारे दोन तासांची असून वाट जवळजवळ सपाट आहे. मॉरिशसची मूळची महाकाय कासवे खलाशांनी आणि वसाहतवाल्यांनी संपवली, आणि त्यांच्याबरोबर एबनीच्या झाडांची फळे गिळून बिया दूर नेऊन टाकणारे कोणी उरले नाही. म्हणून सेशेल्समधील अल्दाब्रा बेटाच्या जातीची कासवे आणून या बेटावर सोडण्यात आली. त्यांच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते, आणि मूळ झाडांपासून दूर नवी रोपे उगवू लागली आहेत. मार्गदर्शकाने कासवाची सुकलेली विष्ठा काडीने उकलून आतले बी मुलांना दाखवले, तेव्हा आधी नाके मुरडणारी मुले गुडघ्यांवर वाकून पाहू लागली. गुलाबी कबुतरेही तेथे दिसतात. १९९०च्या सुमारास रानात ती दहाच्या आसपासच उरली होती. आज काही शेकडो आहेत.

मुलीला कासवांना हात लावायचा असेल तर दक्षिणेकडील ला व्हॅनिल येथे जावे. मानेखाली खाजवले की ते अवाढव्य जनावर चारी पायांवर ताठ उभे राहते आणि मान लांब करून डोळे मिटून घेते.

डॉल्फिन दाखवणाऱ्या सकाळच्या होड्या मात्र मी टाळीन. तामारँच्या उपसागरात येणारे डॉल्फिन रात्रभर समुद्रात शिकार करून दिवसा विश्रांतीसाठी किनाऱ्याजवळ येतात. त्यांच्याभोवती दहा-पंधरा होड्या घिरट्या घालताना पाहून आमच्या मुलीनेच विचारले, की त्यांना झोपू का देत नाहीत. शामारेलची सात रंगांची माती पंधरा मिनिटांत पाहून होते, वळणावळणाच्या रस्त्याने मुलांना मळमळते. राजधानी पोर्ट लुई वगळली तरी चालेल. गर्दी फार आणि मुलांसाठी काही नाही.

प्रेषक: ग्रंथालय विभागातील काकू
विषय: उत्तर: मॉरिशसच्या कौटुंबिक सहलीबद्दल विचारणा

सप्रेम नमस्कार.

खजिनदारांचे समुद्राविषयीचे सगळे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यांचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. मराठी माणसाने मॉरिशसला जाऊन पोर्ट लुई वगळावे, हे मला पटत नाही.

बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपुष्टात आल्यावर उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर आणण्यास सुरुवात झाली, आणि १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरात उतरली. त्यांतील बरीच मुंबई बंदरातून निघाली होती आणि त्यांत रत्नागिरीकडची माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते, आणि शाळांमध्ये मराठी विषय शिकवला जातो. बोटीतून उतरल्यावर मजूर ज्या सोळा दगडी पायऱ्या चढले, त्या अजून आहेत. त्या चढाव्या लागत नाहीत, नुसत्या पाहायच्या आहेत, तेव्हा सासऱ्यांच्या गुडघ्याची चिंता नको. २००६ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारसा म्हणून जाहीर केले.

मुलांसाठी काही नाही, हेही खरे नव्हे. तेथील निसर्ग-इतिहास संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. तो एका केशकर्तनकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी डोंगरात हिंडून मिळवला, आणि एकाच पक्ष्याच्या हाडांचा जवळजवळ पूर्ण असा तो जगातला एकमेव सांगाडा मानला जातो. ११ वर्षांच्या मुलाला तो रंगीत मातीपेक्षा नक्कीच आवडेल. ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची दोन जगप्रसिद्ध टपाल तिकिटे आहेत. प्रकाशाने रंग उडू नयेत म्हणून अस्सल तिकिटांवरचा दिवा ठरावीक वेळी काही मिनिटांपुरताच लावतात, एरवी त्यांच्या प्रतिकृती पाहायला मिळतात, म्हणून आत शिरताच दिव्याची वेळ विचारून घ्यावी. रविवार सोडून सकाळी लवकर जावे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत शहराबाहेर पडावे.

रविवार समुद्रकिनाऱ्यासाठी ठेवा. तेथील किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, हॉटेलांसमोरची वाळूसुद्धा. रविवारी स्थानिक कुटुंबे पातेली, चटया आणि आजी-आजोबांसह सुरूच्या झाडांखाली दिवसभर बसतात, आणि सासऱ्यांना सावलीत, घट्ट जमिनीवर बसायला याहून चांगली जागा नाही. आमच्या शेजारच्या कुटुंबाने आम्ही मराठी बोलताना ऐकले आणि त्यांच्यातल्या वृद्ध बाई आमच्याशी जुन्या वळणाच्या, पण अगदी स्वच्छ मराठीत बोलू लागल्या.

प्रेषक: बालविभागातील एक पालक
विषय: उत्तर: मॉरिशसच्या कौटुंबिक सहलीबद्दल विचारणा

काकू आणि खजिनदार, आपल्या दोघांचे मनापासून आभार. मुक्काम त्रू-ओ-बिशला ठरवला आहे आणि कंपनीचा कार्यक्रम नाकारला आहे. दोन शंका राहिल्या आहेत. स्वतः मोटार चालवावी की चालकासह घ्यावी? आणि काकू, त्या मजुरांच्या नोंदी कुठे पाहायला मिळतात का? आपले पत्र सासऱ्यांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, की त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ राजापूरकडून मुंबईला गेले, बोटीवर चढले आणि पुन्हा त्यांचे पत्र आले नाही.

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार
विषय: उत्तर: मॉरिशसच्या कौटुंबिक सहलीबद्दल विचारणा

वाहने भारताप्रमाणेच डावीकडून चालतात, त्यामुळे स्वतः चालवणे अवघड नाही. तरी माहेबूर आणि सुयाककडच्या दोन लांबच्या दिवसांसाठी चालकासह गाडी घ्यावी आणि संपूर्ण दिवसाचे भाडे निघण्यापूर्वीच ठरवावे. मधल्या पठारावर जुलैमध्ये रिमझिम पाऊस आणि बराच गारवा असतो, तेव्हा प्रत्येकाचा एक स्वेटर हाताशी ठेवावा. पोर्ट लुईबाबत काकूंचे म्हणणे मान्य.

प्रेषक: ग्रंथालय विभागातील काकू
विषय: उत्तर: मॉरिशसच्या कौटुंबिक सहलीबद्दल विचारणा

ताई, करारावर आलेल्या मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत, आणि काही मजुरांची छायाचित्रेही तेथे आहेत. आधी पत्र पाठवून विचारणा करावी. नुसते जाऊन उभे राहिल्याने काम होणार नाही. नाव, वडिलांचे नाव, गाव आणि निघाल्याचे अंदाजे वर्ष लिहावे. नावे इंग्रज कारकुनांनी कानावर पडली तशी लिहून घेतलेली आहेत, म्हणून एकाच नावाची चार-पाच वेगवेगळी रोमन रूपे सोबत द्यावीत. सासऱ्यांना हे काम आजच सांगा, जुलैपर्यंत वेळ फार नाही.