मंडळाचा कम्प्युटर नवी डिस्क टाकल्यापासून सुरू नाही होत, कुणी सांगेल का

कडून: मंडळ कार्यालय

नमस्कार सगळ्यांना,

मंडळाच्या ऑफिसातला कम्प्युटर नवी डिस्क टाकल्यापासून चालू नाही होऊन राहिलाय. जुनी हार्ड डिस्क फारच स्लो झाली होती, सभासदांची यादी उघडायची म्हटलं की चहा करून यावा इतका वेळ, आणि मधेमधे डब्यातून टकटक आवाज यायचा, म्हणून कार्यकारिणीत ठरलं की एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, टाकून घेऊ. बाजारातल्या एका दुकानात दिला, त्यांनी सगळा डेटा जसाच्या तसा नव्यावर टाकलाय असं सांगितलं, चालू करूनही दाखवला. इथे आणून लावला तर काळ्या स्क्रीनवर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' एवढी एक ओळ, पुढे काहीच नाही. फोन केला तर म्हणे घेऊन या, फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, नवीन विंडोज टाकून देतो.

माझा जीव त्यात अडकलाय कारण आजीव सभासदांची यादी, ग्रंथालयाची नोंद, मागच्या गणेशोत्सवांचे हिशोब आणि ह्या वर्षीची अर्धी लावून झालेली स्मरणिका, सगळं त्याच्यावरच आहे. गणपती तोंडावर आलेत, जाहिरातदारांना प्रूफ दाखवायचंय. जुनी डिस्क त्यांनी परत दिलीये, ती कपाटात ठेवलीये. कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा.

वहिनी

कडून: विजयनगरचे काका

वहिनी, एवढी काळजी करू नका. आमच्याकडे असंच झालं होतं, फॉरमॅट करून घेतला आणि जुन्या डिस्कवरून फाइली परत टाकल्या, एका दिवसात काम झालं. तुमच्याकडे जुनी डिस्क आहेच की. करू दे त्याला फॉरमॅट, नवीन विंडोज स्वच्छ असतं, मशीन पळतं.

कडून: सुदामानगरचा दादा

काका, तुमचं म्हणणं घरच्या मशीनला बरोबर आहे, पण मंडळाच्या ह्या मशीनला फॉरमॅट नको, आणि वहिनी, कृपा करून तोपर्यंत ते दुकानात परत पाठवू नका. दोन कारणं आहेत. एक म्हणजे स्मरणिका आपण श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतो. त्यातली अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी, नाहीत, जुन्या पद्धतीचे फाँट आहेत, ते फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये बसलेले असतात आणि सॉफ्टवेअर डाँगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्यावरच चालतं. विंडोज नवीन टाकलं की फाइल जुन्यावरून परत आणली तरी उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल, मग इन्स्टॉलेशनची सीडी शोधा, ती चालते का बघा, हे ऐन गणपतीत कोण करणार. दुसरं, ज्या डिस्कमधून टकटक येते ती कधीही कायमची बसू शकते. तिच्यावरून परत परत कॉपी करायचा भरवसा धरू नका, तीच आपली एकमेव मूळ प्रत आहे. तिला हात न लावणं हेच सध्या सगळ्यात मोठं काम.

आता मुद्द्याचं. ती ओळ म्हणते 'सुरू व्हायला योग्य डिस्क निवडा', आणि ती मदरबोर्डकडून, म्हणजे मशीनच्या मुख्य पाटीकडून येते, विंडोजकडून नाही. म्हणजे विंडोजपर्यंत गाडी पोचलीच नाहीये, तुमचा डेटा बिघडलाय असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही. मी कामासाठी देवासला आहे, रविवारशिवाय येता येणार नाही, तोवर एवढं बघून कळवा. कम्प्युटर सुरू करताच डिलीटचं बटण दाबत राहा, बायोसचा, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचा, पडदा येईल. तिथे नव्या डिस्कचं नाव दिसतंय का? नसेल तर बंद करून प्लग काढून साटाची, म्हणजे डेटाची, पातळ केबल आणि पॉवरची केबल दोन्ही दाबून बसवा, प्रवासात ढिल्या होतात, इंदूरचे रस्ते आणि रिक्षा. दिसत असेल तर बूटच्या, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्या, यादीत ती पहिली आहे का बघा. आणि दुकानात चालू करून दाखवला तेव्हा जुनी डिस्क जोडलेली होती का, हे आठवून सांगा.

कडून: मंडळ कार्यालय

दादा, तुझ्या मेलने धीर आला रे. बायोस उघडला, नव्या डिस्कचं नाव स्वच्छ दिसतंय, पहिल्या नंबरला मीच आणून ठेवली, तरी तीच ओळ. जुनी डिस्क हो, ती त्या वेळी डब्याबाहेर टेबलावर होती आणि तिला वायर लावलेल्या होत्या, त्याने नंतर काढून माझ्या हातात दिली. अजून एक, बायोसमध्ये वर तारीख १ जानेवारी २००९ दाखवतोय. तशी आधीपासून दर वेळी तारीख नीट करावी लागायची, नाहीतर ईमेलचं पान 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' म्हणत उघडायचंच नाही.

वहिनी

कडून: सुदामानगरचा दादा

वहिनी, तुम्ही फार नेमकं बघितलंत, निम्मं निदान तुमच्या मेलमध्येच झालं.

विंडोज ७ च्या वेळेपासून विंडोज टाकताना डिस्कवर सी ड्राइव्हच्या आधी एक छोटा हिस्सा तयार होतो, त्याला सिस्टिम रिझर्व्ड म्हणतात, ७ मध्ये तो १०० एमबीचा होता आणि १० मध्ये साधारण ५०० एमबीचा. माय कम्प्युटरमध्ये तो दिसत नाही कारण त्याला अक्षर दिलेलं नसतं. पण मशीन सुरू होताना आधी जातं ते त्याच्याकडेच, विंडोज कुठल्या हिश्शात आहे हे सांगणारा बूट मॅनेजर तिथे बसतो. दुकानदाराने बहुतेक फक्त सी ड्राइव्ह कॉपी केला आणि हा हिस्सा जुन्यावरच राहिला. घरचं सगळं सामान नव्या घरी आलं पण किल्ल्या जुन्या वाड्याच्या देवडीवर राहिल्या, तसं झालंय. दुकानात चालला कारण जुनी डिस्क जोडलेली होती, मशीन तिच्यावरूनच सुरू होत होतं. काढली आणि बंद पडला.

हे दुरुस्त होतं, फॉरमॅट न करता. विंडोज १० चा पेन ड्राइव्ह लागेल, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल मिळतं, ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह पुरतो (त्यावरचं सगळं पुसलं जातं, स्मरणिकेचे फोटो असलेला घेऊ नका). बूटच्या मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या नावापुढे यूईएफआय (सुरू व्हायची नवी पद्धत) लिहिलंय तो सोडून दुसरा निवडा, आपलं विंडोज जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर आहे. भाषेचा पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. कमांडमध्ये अक्षर न अक्षर बरोबर लागतं म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोटो जोडलाय, इथे नुसतं सांगतो आपण काय करतोय: आधी डिस्कपार्टमध्ये विंडोजवाला हिस्सा ॲक्टिव्ह करायचा, म्हणजे इथून सुरू व्हायचं अशी खूण करायची, मग बीसीडीबूटने बूट मॅनेजर त्याच हिश्शात नव्याने लिहायचा, शेवटी बूटरेकने डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमधला कोड दुरुस्त करायचा. त्या खिडकीत सी ड्राइव्हला डी किंवा ई असंही अक्षर मिळू शकतं, म्हणून आधी विंडोज आणि युजर्स फोल्डर दिसतात ते अक्षर शोधून तेच वापरा. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' नावाची कमांड आहे, ती इंटरनेटवर कुणीही सांगितली तरी टाइप करायची नाही, अख्ख्या डिस्कची विभागणी पुसते.

आणि २००९ ची तारीख. मदरबोर्डवरचा बटणसेल संपलाय, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. आज आधी तोच आणा. प्लग काढला की संपलेल्या सेलमुळे बायोस सगळी सेटिंग विसरतो, ते पुढे आड येईल असं वाटतंय.

जुनी डिस्क ह्या सगळ्यात जोडायची नाही. दोन्हींवर एकच ओळखक्रमांक असेल तर विंडोज गोंधळतं आणि एकीला ऑफलाइन करतं.

कडून: टोरांटोहून, मंडळाचा जुना कार्यकर्ता

वहिनी नमस्कार, इथे सकाळ आहे, तुमचे मेल एकदमच वाचले. दादा सांगतोय तसंच करा. एकदा मशीन सुरू झालं की त्याच दिवशी श्रीलिपीतल्या जुन्या स्मरणिका पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फाँट आत बसतात, कुठल्याही मशीनवर तशाच दिसतील. सभासदांची यादी युनिकोडमध्ये बदलायचं काम मी घेतो, मला फाइल पाठवा, घरून करतो. एवढी वर्षं त्या यादीत नावं भरलीत तुम्ही सगळ्यांनी, ती अशी एका डब्यात अडकून नको राहायला.

कडून: मंडळ कार्यालय

दादा, सेल बदलला, तारीख घातली. काकांना बोलावून घेतलं, त्यांनी फोटो बघून एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि मी टाइप केलं, तीनही कमांडना 'सक्सेसफुली' आलं. ती काळी ओळ गेली! विंडोजची निळी खिडकी पण आली, गोल गोल फिरलं आणि मग अख्खी स्क्रीन निळी, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', परत रीस्टार्ट, परत तेच. आता काय?

वहिनी

कडून: सुदामानगरचा दादा

वहिनी, हे पुढचं पाऊल आहे, घाबरू नका. आता बूट मॅनेजर चाललाय, विंडोज उठतंय, पण डिस्कशी बोलायची भाषा बदललीये म्हणून थांबतंय. सेल संपल्यामुळे बायोस मूळ सेटिंगवर गेला. साटा मोड नावाची ओळ ॲडव्हान्स्ड किंवा इंटिग्रेटेड पेरिफेरल्समध्ये असेल, तिथे बघा, आयडीई (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) लिहिलं असेल तर एएचसीआय (नवी पद्धत) करा. विंडोज ज्या मोडवर टाकलं होतं त्याच मोडवर ते उठतं. आपल्या मशीनवर विंडोज मीच टाकलं होतं, एएचसीआयवर. बदल करून एफ१० ने सेव्ह करा.

कडून: मंडळ कार्यालय

आयडीईच होतं. एएचसीआय केलं आणि सुरू झाला!! यादी, हिशोब, ग्रंथालय, स्मरणिका सगळं उघडून बघितलं, मराठी अक्षरं जागच्या जागी. आणि काय फास्ट झालाय रे. काका तर म्हणाले आता सगळ्यांसाठी पोहे-जलेबी त्यांच्याकडून.

दादा, खूप आभार. काका, तुमचेही. टोरांटोला यादी आत्ताच पाठवतेय.

वहिनी

कडून: सुदामानगरचा दादा

फार बरं वाटलं वहिनी. आता दोन गोष्टी राहिल्या. आजच एक बाहेरची डिस्क घेऊन सगळ्याची कॉपी काढा, ती ऑफिसात नाही, कोषाध्यक्षांच्या घरी ठेवा. जुनी डिस्क गणपती होईपर्यंत जशी आहे तशी ठेवा, कुणी पेन ड्राइव्हसारखी वापरायला मागितली तरी देऊ नका.

आणि काका, कार्यकारिणीत हा विषय घ्या: विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि हे मशीन विंडोज ११ ला चालत नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नवा प्रोसेसर लागतो. नवी एसएसडी वाया जात नाही, ती पुढच्या मशीनमध्ये लागेल. पण वर्गणीचे हिशोब आणि लोकांचे फोन नंबर असलेल्या कम्प्युटरला अपडेट नसणं बरोबर नाही, दसऱ्यानंतर नव्या मशीनसाठी रक्कम बाजूला काढूया. रविवारी मी येतोच, श्रीलिपीचं डाँगल आणि सीडी कुठे आहेत ते तेवढं शोधून ठेवा.